तात्यांच्या नावानं गेलेले एकसष्ट मेसेज

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी पुण्याहून लॅपटॉप उचलून दोन महिन्यांसाठी गावी आले. आमचं गाव बारामतीहून इंदापूरला जाताना पिंपळीच्या पुढं लागतं. सकाळी आईचा व्यायाम, मग कंपनीचं काम, चार वाजता पुन्हा व्यायाम. आईला पाय वाकवायचा नसायचा, मला मीटिंगला बसायचं नसायचं. एकमेकींना निमित्त करून दोघी टाळाटाळ करायचो.

विहाराला लागून एक खोली आहे, तिथं वस्तीचं वाचनालय. ते चालवतात माझे चुलत चुलते, तात्या. तात्या एसटीत कंडक्टर होते. अजूनही पुस्तक देताना ते तिकीट दिल्यासारखं देतात, मान वर न करता. एकदा आईला बघायला आले आणि माझ्या स्क्रीनवर आपोआप उमटणाऱ्या ओळींकडं बघतच राहिले.

"कोण लिव्हतंय हे?"

"एजंट."

"कसला एजंट? इम्याचा का जमिनीचा?"

मी सांगितलं, हा माणूस नाही, एआय आहे. काय पाहिजे ते मराठीत सांगायचं, तो प्रोग्राम लिहितो.

"मंग वाचनालयाचं करंल का? कोणतं पुस्तक कुणाकडं हाय, एवढंच."

"करेल की. पण त्याला तुमचं रजिस्टर दिसायला पाहिजे. जोडून दिल्याशिवाय त्याला काहीच दिसत नाही."

"मंग दे की जोडून," तात्या म्हणाले, जणू डबा इंजिनाला लावायचाय.

दोन दिवस मी रजिस्टरच्या पानापानाचे फोटो काढले. नाव, फोन, पुस्तक, नेल्याची तारीख. फोटोंवरून एजंटनं तक्ता तयार केला. तो तक्ता मी त्याला जोडून दिला आणि त्याच उत्साहात वाचनालयाच्या मोबाईलचं मेसेजचं खातंही जोडलं, म्हणजे पुस्तक राहिलं असेल त्याला आठवण करता येईल. प्रत्येक जोडणीच्या वेळी त्यानं विचारलं होतं, नुसतं वाचू, की बदल करू आणि पाठवूसुद्धा? मी सगळ्याला हो म्हणत गेले. नवीन ॲप टाकताना आपण सगळेच म्हणतो तसं.

शुक्रवारी चारला आईनं हाक मारली. मी उठता उठता टाइप केलं, 'आठवणीचा मेसेज नीट जातोय का ते तपासून बघ.' मला म्हणायचं होतं, माझ्या नंबरवर एक पाठवून बघ. तेवढं सांगायचं राहिलं.

आईचा पाय दहा वेळा वाकवून परत येते तर स्क्रीनवर लिहिलेलं, 'तपासणी पूर्ण. एकसष्ट मेसेज यशस्वीरीत्या पाठवले.'

तेवढ्यात तात्या दारात. हातात त्यांचा स्वतःचा फोन.

"आपणाकडील चार पुस्तके त्वरित जमा करावीत. आपला, ग्रंथपाल," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "मीच मला नोटीस धाडली व्हय?"

आई आतून हसली. मला हसू येईना. "तात्या, पण चार पुस्तकं तुमच्याकडं आहेत ना?"

"हायती. त्याचं न्हाय काय. पण ह्या कऱ्हाटीच्या सरांचा फोन आलता. त्यांनी मागच्याच म्हैन्यात पुस्तक परत केलंय. त्यांना कशी गेली नोटीस?"

आम्ही रजिस्टर उघडलं. सरांच्या नावापुढं परत केल्याची तारीख नव्हती, सहीही नव्हती. तात्यांनी पान उजेडात धरलं. समासात एक बारीक गोल भोक होतं.

"हे काय, परत केलंय की," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं. तात्यांकडं तिकीट पंच करायचा जुना चिमटा अजून आहे आणि पुस्तक परत आलं की ते समासात भोक पाडतात. फोटोत भोकातून खालचं पान दिसत होतं, पांढऱ्यावर पांढरं. मला ते दिसलं नव्हतं, एजंटला कुठून दिसणार? त्याच्या लेखी आमच्या वाचनालयात आजवर कुणीच पुस्तक परत केलं नव्हतं.

तात्या आता खरंच चिडले. "आजवर मी कुणाला मागितलं न्हाय. मागितलं की माणूस यायचं थांबतंय. आन् तू चांगल्या माणसांस्नी चोर ठरिवलंस."

मला फार वाईट वाटलं. मी आधी मेसेजची जोडणी तोडली. मग रजिस्टर मांडीवर घेऊन एकसष्ट जणांना एकेक करून फोन लावायला बसले. बरेच जण हसले. दोघं ऐकून न घेताच फोन ठेवून मोकळे झाले. कऱ्हाटीच्या सरांकडं मी तात्यांना स्कूटरवर मागं बसवून गेले. सरांनी चहा दिला, पण "शिक्षकाला नोटीस!" हे तीनदा म्हणाले.

शनिवारी वाचनालयात जत्रा भरली. काहीजण भांडायला आलेले. त्यांना तात्या भोक दाखवायचे, ते वरमायचे आणि आलोच आहे तर म्हणून एखादं पुस्तक घेऊन जायचे. काहीजण खाली मान घालून खरोखर राहिलेली पुस्तकं घेऊन आलेले. एका बाईंनी आणलेल्या पुस्तकात अर्ध्यावर भरतकामाची सुई खुणेला होती. तात्यांनी ती तशीच ठेवून पुस्तक त्यांना पुन्हा दिलं.

संध्याकाळी तात्या म्हणाले, "आता परत जोड."

"नको हो, तात्या."

"जोड म्हन्तोय ना. पण त्यानं नुसतं बघायचं. रजिस्टरात लिव्हायचं मी. मेसेज त्यानं करावा, धाडायचं बटन माझ्या हाती."

या अटी मी कंपनीतल्या साहेबांकडूनही इतक्या थोडक्यात ऐकल्या नव्हत्या. तशीच जोडणी केली. भोकांचा एक वेगळा रकाना केला आणि तो भरायला पूर्ण दोन संध्याकाळी आम्ही पानं उजेडात धरून बसलो.

एजंटनं नव्यानं लिहिलेला पहिला मेसेज तात्यांनी वाचला. 'आपणांस नम्र विनंती करण्यात येते की...' त्यांनी तो सगळा पुसला आणि एका बोटानं, वीस मिनिटं लावून, स्वतः लिहिला, 'पुस्तक वाचून झालं असंल तर या. झालं नसंल तरी या.'

मग बटण दाबलं. पहिलं उत्तर इंदापुरातल्या एका नर्सबाईंचं आलं, 'अजून चाळीस पानं राहिलीत, ड्युटी लई हाय.'

तात्यांनी चष्मा सारखा केला आणि टाइप करायला घेतलं, 'सावकाश.'