हाकेपलीकडची माय

सातवीला मी संबोधन शिकवत होते. कुणाला हाक मारताना नामाचं रूप बदलतं, 'मुलगा'चं 'मुला' होतं, 'मुलं'चं 'मुलांनो', एवढं फळ्यावर लिहून झाल्यावर म्हटलं, आता एकेकानं उठून घरच्या माणसाला हाक मारायची. वर्ग दणाणून गेला. "ओ बाबा!" "वो माय!" "ए काकी!" एक मुलगी मात्र उठून गप्पच उभी राहिली.

"आईला मार ना हाक," मी म्हटलं.

"तिले ऐकू येत नाई, बाई. मी समोर जाऊन उभी राह्यतो. दूर असन तं खडा फेकतो."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते ठाऊक होतं. सिंदेवाहीकडच्या त्या गावात नवी होते ती मीच.

पुढे मोहाची फुलं गळायला लागली, बाया ती वेचायला जंगलात जाऊ लागल्या आणि तिची शाळा बंद झाली. मी घरी गेले. वडील मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. आई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती, मुलगी तिला मदत करत होती.

"शाळेत का येत नाहीस गं?"

"जंगलात वाघ फिरून राह्यला, बाई. दिसला का बाया एकमेकींले आवाज देतेत. माह्या मायले आवाज देऊन काय फायदा? मी संगं असलो तं हात धरून आणतो."

मी शेजारच्या काकूंना विचारलं.

"ठेवीन ना मी ध्यान," त्या म्हणाल्या, "पण बाई, फुलं वेचताना मान खाली असते. अन् जे ते आपापल्या झाडाखाली."

आई आमच्या ओठांकडे बघत होती. काय समजायचं ते ती समजली. आत जाऊन दप्तर घेऊन आली, मुलीच्या खांद्याला अडकवलं आणि तिला माझ्याकडे ढकललं. शाळेपर्यंत मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात सकाळच्या शाळेत जंगलाच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. मुलगी उठली आणि पळत सुटली. मागोमाग मी. रानाच्या तोंडाशी बाया धापा टाकत उभ्या होत्या. तिची आई त्यांच्यात नव्हती.

"लय आवाज देला वो," काकू रडत म्हणाल्या, "मंग आम्ही पळालो."

मुलगी आत शिरणार तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं. ती मला चावली, तरी सोडलं नाही. गावातले दोघं-तिघं काठ्या आपटत पुढे गेले. ते दिसेनासे झाले नाहीत तोच पायवाटेनं ती बाई येताना दिसली. डोक्यावर भरलेली टोपली, चाल नेहमीची. एवढी माणसं बघून ती हसली. मग गोंधळली.

मुलगी तिच्यावर धावून गेली आणि दोन्ही हातांनी तिच्या दंडावर मारत राहिली. आई टोपली सावरत, आपलं काय चुकलं म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. नाल्याच्या रेतीत ताजे पंजे असल्याचं माणसांनी परत येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. मी हजेरीत तिची गैरहजेरी मांडत गेले, बोलवायला मात्र गेले नाही. मोह संपल्यावर ती परीक्षेला आली, पास झाली. आता आठवीसाठी बसनं तालुक्याला जाते. वडील यंदाही मोहाच्या दिवसांत मिरचीला जाणार म्हणतात.