रायपुरातलं शुद्ध फ्रेंच रॉक

रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झालं आणि अख्खं गाव अंगात आल्यासारखं वागायला लागलं. सदर बाजारातला आमचा शिंपी एका दिवसात 'कॅपिटल टेलर' झाला, कॉलर मात्र पहिल्यासारखीच तिरकी शिवायचा. चाटवाल्यानं पाटी रंगवली 'राजधानी चाट'. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पिठाच्या गिरणीवरसुद्धा 'स्टेट' असा शब्द चढला. दळण तेच, जाडंभरडं. सगळेच काहीतरी मोठं व्हायला निघाले होते, मग मीच काय घोडं मारलं होतं? मी फ्रेंच झालो.

हसा, हसा. त्या वेळी तर सगळा पारा हसला होता.

झालं असं, की माझा एक मावसभाऊ पाँडिचेरीला नोकरीला होता. त्यानं मला एक फ्रेंच शिकायचं पुस्तक आणि एक कॅसेट पाठवली. बी. कॉम. होऊन दोन वर्षं मी घरात बसलो होतो, तेव्हा मला कोणी जपानी पाठवलं असतं तर जपानी झालो असतो. पण आलं फ्रेंच. कॅसेटच्या एका बाजूला फ्रेंच पॉप होतं आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंच रॉक. या दोन बाजूंत जेवढा भेदभाव आमच्या घरात झाला तेवढा मी कुठल्या सावत्र पोरांतही पाहिला नाही.

पॉपच्या बाजूला एक बाई होती. ती गात नव्हती, कानात फुंकर घालत होती. मागे गिटार इतकी हळू वाजायची, की वाजवणाऱ्याच्या मांडीवर बाळ झोपलं असावं. घरात सगळ्यांना ती बाई आवडली. माझी बहीण तर पोळ्या लाटताना तिच्याबरोबर गुणगुणायची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर द्यायची हिंदीत. "भैया, ये वाली साइड लगाओ ना, वो चिल्लाने वाली नहीं." बाबा दाढी करताना ऐकायचे. बाबा रेल्वेत रिझर्व्हेशन क्लार्क, पाहुण्याच्या नावावरून त्याची बोगी ओळखतील असे, तेही म्हणायचे, "वा. फ्रेंच म्हणजे असं."

चिल्लाने वाली साइड म्हणजे रॉक. तीन-चार पोट्टे, तोंडात बोरं भरून भांडून राहिले आहेत, असं ते ऐकू यायचं. ड्रम धडधडायचा, गिटार करवतीगत चालायची आणि गाणारा खूप रागात असायचा, पण राग बाहेर यायच्या आधीच शब्द संपायचा. मला तेच आवडलं. का ते तेव्हा मला सांगता येत नव्हतं.

मग मावसभावाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की दुसरी बाजू नाही ऐकलीस तरी चालेल, तिला खुद्द फ्रान्समध्ये कोणी विचारत नाही. पॉप फ्रेंचांचं, रॉक इंग्रजांचं, असं तिकडचेच लोक म्हणतात. आपल्या भाषेत रॉक जमतच नाही म्हणे. गायचं तर प्रेम, पाऊस आणि कॉफी. ओरडायचं असेल तर इंग्रजीत ओरडा.

माझं डोकंच सटकलं! कारण हा सूर माझ्या ओळखीचा होता. पुण्याची आत्या आमच्याकडे यायची आणि सुपारी कातरत म्हणायची, "तुमचं मराठी ना, छान वाटतं हो ऐकायला. अगदी हिंदीसारखं." तिच्याकडे गेलो की आतेभावंडं मला पाहुण्यांसमोर उभं करायची. "बोल ना, बोल ना, तू काय करतोयस?" मी म्हणायचो, "मी जेवून राहिलो." खो खो खो! जसा काही मी नकला करायला रायपूरहून तिकीट काढून गेलो होतो. म्हणजे काही भाषांना नाजूक बोलायचं कंत्राट दिलंय, काहींना दिलं नाही, आणि हे कंत्राट वाटणारे कोण, तर ज्यांनी ती दुसरी बाजू कधी पूर्ण ऐकलीच नाही ते. (इथे मी 'मला' लिहून राहिलो ते छापायचं म्हणून. बोलताना 'मले'च म्हणतो. आत्याबाई, नमस्कार.)

तर मी ठरवलं, फ्रेंच रॉकची अब्रू आता रायपुरातून वाचवायची.

मी अभ्यास केला आणि रोग शोधून काढला. फ्रेंच भाषा शब्दाचं शेवटचं अक्षर गिळते. लिहायचं पूर्ण, बोलायचं अर्धं. पॉपला ते चालतं, तिथं गिळण्यातच मजा आहे. पण रॉकला शेवटच्या अक्षरावर लाथ मारायची असते, आणि लाथ मारायला तिथं काही शिल्लकच नसतं! म्हणून बिचाऱ्यांचं रॉक जमत नाही. उपाय सोपा होता. गिळलेली सगळी अक्षरं मी बाहेर काढली. पुस्तकात जे जे छापलंय ते ते म्हणायचं, आपल्या बाराखडीसारखं, एकही अक्षर वाया घालवायचं नाही. फ्रेंचांना जे इतक्या वर्षांत सुचलं नाही ते मला आमच्या गच्चीवर पापड राखता राखता सुचलं. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की दोन पापड कावळ्यानं नेले तरी कळलं नाही.

आणि त्याच पुस्तकात मला एक खजिना सापडला. फ्रेंचमध्ये 'करून राहिलो' आहे! अगदी तस्सं. पुण्याच्या मराठीत नाही, पण फ्रेंचमध्ये आहे. एखादी गोष्ट आत्ता, या घडीला चालू आहे असं सांगायचं असेल तर ते 'आँ त्रँ द' असं काहीतरी म्हणतात. लिहितात मात्र चक्क 'ट्रेन' या शब्दाच्या स्पेलिंगनं. बाबांनी माझी वही पाहिली आणि चष्मा वर केला.

"हे काय बे? ट्रेनमध्ये जेवण?"

"नाही बाबा. 'मी जेवून राहिलो' असं आहे ते."

"एवढ्या मोठ्या देशात साध्या 'जेवून राहिलो'साठी ट्रेन लागते?" बाबा म्हणाले. "अन् आपल्याले गावंढळ म्हणतात."

मी एक जुनी गिटार मागून आणली आणि या 'ट्रेन'वर गाणं रचलं. माझं स्वतःचं, फ्रेंच रॉक. 'मी येऊन राहिलो, मी जाऊन राहिलो', प्रत्येक ओळीत तेच. माझ्या पद्धतीनं, सगळी अक्षरं सोडवून ते असं व्हायचं: झे सुइस एन ट्रेन दे वेनीर! झे सुइस एन ट्रेन दे पार्टीर! साथीला माझा एक मित्र होता, रेल्वे कॉलनीतला. तो धुमालमध्ये वाजवायचा. गणपती-दुर्गेच्या मिरवणुकीत ट्रकवर ढोल-ताशे-बाजे लादून छाती हादरवतात ना, ते धुमाल. त्याला फ्रेंच येत नव्हतं, मला ताल येत नव्हता. जोडी जमली.

एक दिवस बाबा जेवता जेवता म्हणाले, "पाह्य बेटा, आता पुरे झालं. मामा पंडरीतल्या दुकानात बोलावून राहिला. बस तिथं."

मामाचं पंडरीत, म्हणजे रायपूरच्या कापडबाजारात, ठोक दुकान. दिवसभर गादीवर मांडी घालून थान उलगडायचं आणि गुंडाळायचं. मी म्हणालो, मला पुण्याला जायचं आहे, तिथं फ्रेंचचा रीतसर कोर्स आहे. आई मध्ये पडली, मी रडलोसुद्धा, खोटं कशाला सांगू? बाबांनी हात धुतले आणि एक अट घातली. "कोणी जाणकार माणूस म्हणू दे, की पोट्ट्याले फ्रेंच येते. मी स्वतः तुह्यं रिझर्व्हेशन करतो. नाही तर पंडरी."

आता रायपुरात फ्रेंचचा जाणकार आणायचा कुठून? पण राजधानीचा महिमा बघा. जवळच्या एका सिमेंटच्या कारखान्यात यंत्रं बसवायला खराखुरा फ्रेंच इंजिनिअर आला, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षकाकांनी त्याला गणेशोत्सवाला पाहुणा म्हणून पटवलं. रविवार, दुपारी चारची वेळ. अध्यक्षकाका निवृत्त अधिकारी. जन्म रायपूरच्याच पुरानी बस्तीतला, पण पुण्यात सहा महिने ट्रेनिंग झाल्यापासून ते शुद्ध बोलायचे. राग आला की मात्र शुद्धी हरपायची.

त्यांनी मला बोलावून घेतलं. "हे बघ, आपल्याला पाहुण्यांच्या भाषेत एक गीत सादर करायचंय. ते नाजूक, पॉप की काय, ते म्हण. आणि त्यांचं भाषणही तूच भाषांतरित करायचं. दुसरं कोण आहे?"

"काका, रॉक म्हणू का?"

"काहून? राडा करायचाय का तुले?" शुद्धी हरपली. "फ्रेंच माणसासमोर फ्रेंचच म्हणायचं, धिंगाणा नाही!"

"हव काका," मी म्हणालो आणि धुमालवाल्या मित्राला निरोप दिला, की मोठा ढोल आण.

रविवारी मंडप भरला. फ्रेंच साहेब पहिल्या रांगेत, कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूचा हार, घामानं निथळत आणि हसत. बाबा तिसऱ्या रांगेत, ड्युटीवर घालतात ते बंद गळ्याचं जाकीट घालून आले होते. माझ्या फ्रेंचसाठी त्यांनी जाकीट घातलं होतं.

काकांनी घोषणा केली, आता एक नाजूक फ्रेंच गीत. मित्रानं ढोलावर काठी मारली आणि मंडपाचे बांबू हलले. मी गिटार ओरबाडली आणि ओरडलो, झे सुइस एन ट्रेन दे वेनीर! एन ट्रेन दे! एन ट्रेन दे!

दुसऱ्या कडव्यापर्यंत लोक नुसते बघत होते. मग मागच्या रांगेतून एक आजोबा उठले, निवृत्त गार्ड. त्यांनी मूठ वर केली आणि ओरडले, "ट्रेन दे!" आता हे समजून घ्या, की आमच्या मंडळाची वर्षानुवर्षं एकच मागणी होती. पुण्याची गाडी रायपूरहून सुटली पाहिजे, आता तर राजधानी आहे, मिळालीच पाहिजे. त्यावर अर्ज झाले, ठराव झाले, आणि आज स्टेजवर गाणं झालं असं लोकांना वाटलं! बघता बघता अख्खा मंडप उभा राहिला. बायका, पोरं, मोदकाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या काकू, सगळे टाळ्या वाजवून राहिले, "ट्रेन दे! ट्रेन दे!" फ्रेंच साहेबसुद्धा उठला आणि मूठ हलवून ओरडायला लागला. मला वाटलं, बस, जिंकलो. अब्रू वाचली, माझीही आणि रॉकचीही.

गाणं संपल्यावर साहेबाला माइक दिला. तो सावकाश बोलला, एकेक शब्द सुटा करून, म्हणून मला समजलं. समजलं नसतं तर फार बरं झालं असतं. तो म्हणाला, की धन्यवाद, तुमची मराठी भाषा मी आज पहिल्यांदा ऐकली. एक शब्द कळला नाही, पण मराठी किती जोरकस आहे! आमच्याकडे म्हणतात, की आमच्या भाषेत रॉक जमत नाही. तुम्ही मराठीत करून दाखवलं. मराठी रॉकला माझा सलाम.

घ्या! आत्याला माझं मराठी हिंदी वाटतं, आणि या साहेबाला माझं फ्रेंच मराठी वाटलं.

तीनशे डोळे माझ्याकडे. काका म्हणाले, "सांग ना, काय म्हणाले?" मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही. माइक तोंडाजवळ घेतला आणि म्हणालो, "साहेब म्हणतात, की इतकं शुद्ध फ्रेंच रॉक त्यांनी फ्रान्समध्येसुद्धा ऐकलं नाही."

काय टाळ्या पडल्या! काकांनी मला मिठी मारली आणि शेजारच्याला सांगितलं, की पॉपच्या ऐवजी रॉक ही माझीच कल्पना. साहेबानं अंगठा दाखवला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

बाबा बाहेर स्कूटरपाशी उभे होते. मी गेलो, तर किक मारेनात. रुमालानं सीट पुसत राहिले, ती स्वच्छच होती.

"काय म्हणाला तो?"

"सांगितलं ना बाबा स्टेजवर. शुद्ध फ्रेंच म्हणाला."

"मले फ्रेंच येत नाही," बाबा म्हणाले. "पण 'मराठी' तर समजते. तुह्या फ्रेंचबद्दल बोलून राहिला होता, तर घडीघडी मराठी काहून म्हणत होता?"

मी गिटारची खुंटी उगाच पिळायला लागलो. आतून लाज वाटत होती, कान तापले होते.

बाबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "तू तिथंच सांगून टाकलं असतं ना, की त्याले माहं फ्रेंच समजलं नाही, तरी पाठवलं असतं मी तुले. शिकायलेच तर जाऊन राहिला होता."

मग त्यांनी किक मारली.

"बस मागे. मामाचं दुकान उद्या नऊले उघडते."