दोन सार्तोरी

शनिवारी क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, जे झालं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाहीये...

मी इथे परदेशात पोस्टडॉक करते. लॅबमध्ये माझ्या शेजारी जुलिया सार्तोरी असते, उत्तर इटलीतल्या एका खेड्यातली. सार्तोरी म्हणजे शिंपी, हे तिनेच सांगितलेलं. गेल्या वर्षी तिची आजी गेली... आणि आजीची बोली बोलायला घरात कुणी उरलं नाही.

मागच्या आठवड्यात एक पार्सल चुकून माझ्या दारात आलं. त्यावर नाव सार्तोरी! वरच्या मजल्यावर द्यायला गेले, तर पाउलो नावाच्या ब्राझिलियन इंजिनिअरने दार उघडलं. त्याचे पणजोबा इटलीतून बोटीने ब्राझीलला गेलेले. सत्तरीचे वडील महिनाभरासाठी त्याच्याकडे आलेत.

मला राहवेना. जुलियाला म्हटलं, भेटच. ती म्हणाली, "अगं, सार्तोरी म्हणजे तुमच्याकडचे पाटील. गावोगाव आहेत." तरी माझ्यासाठी शनिवारी हॉकर सेंटरला आली, आणि पाउलो वडिलांना घेऊन आला.

सुरुवात अवघड गेली. वडिलांना (मी त्यांना आजोबाच म्हणते) फक्त पोर्तुगीज येतं, असं पाउलो म्हणाला. तो इंग्रजीत सांगायचा, जुलिया हसून मान डोलवायची... मला वाटलं, उगाच घाट घातला.

मग आजोबांनी फिश सूपचा बाऊल बाजूला सारला आणि थेट जुलियाला काहीतरी विचारलं. तिचा चमचा हातातच राहिला. डोळे भरून आले.

"काय म्हणाले?" मी घाबरून विचारलं.

"'पोरी, तू कुणाची?' आमच्या गावातली म्हातारी माणसं असंच विचारतात. ही आजीची बोली आहे."

तीन पिढ्या त्या घराने ती जपली होती. शाळेत बोलली म्हणून आजोबांनी लहानपणी मार खाल्लेला, त्यामुळे मुलाला त्यांनी ती शिकवलीच नाही. बोलायचे ते फक्त बायकोशी, तेही मुलाच्या माघारी. ती गेल्यावर गप्पच झाले.

त्या दिवशी मात्र दोन तास दोघं थांबेनात. पाउलोला एक शब्द कळत नव्हता, पण तो एकटक वडिलांकडे बघत होता. "बाबांना इतकं हसताना मी पाहिलंच नव्हतं," तो हळूच म्हणाला.

नातं लागतं का, हे दोघांनीही शोधलं नाही. आजोबा परत जाईपर्यंत जुलिया रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे... घरापासून एवढ्या लांब कुणाला आपली बोली परत मिळते, आणि ते मला समोर बसून बघता आलं. अजून काय हवं?