शेकानंतरचा खोकला

माझी आत्या पासलीच्या वरच्या वाडीत शेळ्या राखते. छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं, मग पुण्यात शेक, म्हणजे रेडिएशन, घेतले. "आता रोग नाही," असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. दोनेक महिने बरे गेले आणि कोरडा खोकला सुरू झाला. बारीक ताप यायचा. मी भोरला असते, म्हणून तिला माझ्याकडं आणलं.

"डोंगर चढत व्हते गं मी शेळ्यांमागं," ती म्हणाली. "आता न्हाणीपातूर गेले तरी धाप लागती."

भोरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, फुप्फुसात डाग दिसला. न्यूमोनिया समजून गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, खोकला तसाच. थुंकी तपासली, टीबी नाही. शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "पसरलं असंल." मलाही तेच वाटत होतं. पण तपासणीत काही वाईट निघत नव्हतं आणि आत्या तर खालावत होती.

शेवटी शेक देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं पुण्याला गेलो. त्यांनी सीटी स्कॅन करून घेतला आणि शेक कुठं दिला होता त्याचं चित्र शेजारी ठेवलं. डाग नेमका तेवढ्याच पट्ट्यात होता, कडेला आखल्यासारखी सरळ रेघ.

"जंतू अशी रेघ पाळत नाहीत," त्या म्हणाल्या. "गाठही नाही दिसत. शेकामुळं फुप्फुसाला सूज आलीय."

"म्हंजी ज्यानं बरं केलं, त्यानंच?" आत्यानं विचारलं.

"हो, आजी."

येताना एसटीत, कॅन्सर नाही म्हणून आनंद करावा की रडावं, मला कळेना.

डॉक्टरीणबाईंनी सुजेवर दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी धाप लवकर उतरली. त्या गोळ्यांनीच भूक वाढली, तोंड सुजलं. ती वाडीला परतली तेव्हा तिथले म्हणाले, बाईनं अंग धरलं. तिलाही ते खरं वाटलं आणि तिनं गोळ्या परस्पर बंद केल्या. धाप पुन्हा आली.

"बरं वाटलं की औशध थांबवायचं न्हाई, ह्ये कसलं दुखनं!" ती चिडली. पुन्हा सुरू केल्या, आणि डॉक्टरीणबाई सांगतील तशा थोड्या थोड्या कमी करत काही महिन्यांनी सुटल्या.

आता ती शेळ्या खालच्या माळावर नेते, चढ टाळते. मागच्या फोटोत डाग होताच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही बदल नाही. वाढला नाही, गेलाही नाही."

"ह्ये चांगलं का वाईट?" आत्यानं मला विचारलं.

मी चांगलं म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही, आणि माझाही पुरता नव्हता.