नळीतला फेस

माझा पहिला मुलगा एक दिवस जगला. पायाळू होता, त्यामुळे सिझर ठरलेलंच होतं, आणि ठरलेलं म्हटल्यावर मुहूर्त आलाच. माझे सासरे वाईतले भिक्षुक. अर्ध्या गावाचे मुहूर्त तेच काढायचे. नातू पितृपंधरवड्यात नको, म्हणून त्यांनी आधीचा दिवस दिला. माझी पाळी अनियमित, महिने अंदाजाने धरलेले. तरी साताऱ्याच्या डॉक्टरांनी मान डोलावली. मूल बाहेर आलं ते कण्हतच. दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जायच्या. फुप्फुसं कच्ची होती म्हणे. बारशाआधी गेलेल्याला नाव नसतं आणि त्याच्यासाठी फार रडायचंही नसतं, असं मला सगळ्यांनी समजावलं. मी डोळे पुसले, पण ते कण्हणं कानातून गेलं नाही. भांडी घासताना, देवळात उभी असताना, कुठेही ते ऐकू यायचं.

दुसऱ्या खेपेला मी हट्टाने सांगलीला माहेरी गेले. दुधाने तोंड पोळलेली मी, ताकही फुंकूनच पिणार. रक्तदाब चढला. मूल लवकर काढावं लागेल, पण आधी पोटातलं पाणी तपासू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुईने गर्भजल काढलं, नळीत स्पिरिट घालून खळाखळा हलवलं. कडेने फेस टिकला तर फुप्फुसं तयार. मी नळी बघणारच म्हणून अडून बसले. फेस उठला आणि विरला. आता पडून राहायचं आणि थांबायचं, एवढंच हातात होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाणी काढलं, तेव्हा फेस कडेला धरून राहिला. लगेच सिझर केलं. मुलगी झाली, आणि दवाखाना दणाणेल अशी रडली.

सासरे वाईहून आले. नातीकडे नीट बघण्याआधी त्यांनी तपासणीचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "पहिल्याच्या वेळी ही तपासणी होती का गं?"

मी डॉक्टरीणबाईंना तेच विचारलं होतं.

"होती, मामंजी. पुष्कळ वर्षांपासून आहे."

ते खाली बसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत, दुपारी ती झोपली की ते तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. मी दारातून बघायचे. चालू आहे हो तिचा श्वास, उठा आता, असं मी त्यांना एकदाही म्हणाले नाही.