डिस्क सुटेना तेव्हा

नंदुरबारला आमच्या छोट्या संग्रहालयात डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून ठेवतात. संगणकखोलीची जबाबदारी एका ताईंकडे होती. आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, पन्नाशी उलटल्यावर लिनक्स शिकल्या. मी त्यांचा सहकारी, वयाने बराच लहान आणि स्वभावाने उतावळा.

नर्मदाकाठच्या मणिबेलीचे एक आजोबा वारले होते. त्यांनी सांगितलेली धरणाआधीच्या गावाची गोष्ट आमच्याकडे होती, आणि ती ऐकायला त्यांची लेक आणि भावकी जमणार होती. डिस्क घेऊन मी जायचं ठरलं. पुढे होडी गाठायची, म्हणून जीप सकाळी लवकरच दारात उभी राहिली.

डिस्क काढण्याआधी ती संगणकापासून रीतसर सोडवावी लागते. मी आज्ञा दिली. उत्तर आलं, डिस्क वापरात आहे. पुन्हा दिली, पुन्हा तेच. बाहेर हॉर्न वाजला. मी केबलला हात घातला.

"खेचू नको," ताई मागून त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "कोण बठेल शे ते तं देख पहिले."

त्यांनी खुर्ची ओढली आणि डिस्कवरच्या फायली कोणी कोणी धरून ठेवल्यात त्याची यादी मागवली. दोन ओळी आल्या. पहिली वाचून त्या हसल्या. "भाऊ, एक तं तूच शे."

खरंच होतं. माझी एक खिडकी डिस्कवरच्याच फोल्डरमध्ये उघडी होती. ती बंद केली. तरी डिस्क सुटेना.

दुसरी ओळ कॉपीची होती. आजोबांच्या गोष्टीची, आवाज साफ केलेली फाइल शेजारच्या खोलीतल्या संगणकावरून डिस्कवर उतरवायला मीच सकाळी लावली होती. डिस्कच्या फोल्डरमध्ये तिचं नाव दिसलं तेव्हाच काम झालं असं धरून मी विसरून गेलो होतो.

"बंद करून टाकू का तिला?" मी विचारलं.

ताईंनी फाइलचा आकार पाहिला, थोडं थांबून परत पाहिला. वाढत होता. "चालू शे ती. एक्स्चेंजमा लाइन तोडाना पहिले आयकी लेवानं, कोणी बोली ऱ्हायना का." लाइन तोडण्याआधी कोणी बोलतंय का ते ऐकून घ्यायची, ही त्यांची जुनी सवय. मग त्या उठल्या, बाहेर गेल्या आणि ड्रायव्हरला चहा प्यायला पाठवून आल्या.

वीसेक मिनिटं गेली असतील. मी घड्याळ बघत होतो, त्या आकडा बघत होत्या. कॉपी संपली, डिस्क मुकाट्याने सुटली. तरी त्यांनी ती पुन्हा जोडायला लावली, फाइलचा शेवट वाजवून पाहिला, आणि मग पुन्हा सोडवून माझ्या हातात दिली.

होडी मिळाली. मणिबेलीत आजोबांच्या घरी मी लॅपटॉप खाटेवर ठेवला आणि गोष्ट लावली. मला त्यांची भिली बोली येत नाही, पण गोष्ट संपता संपता आजोबा मधेच कुणावर तरी खेकसले, तशी लेक खळखळून हसली आणि पदराने डोळे पुसू लागली. ते अंगणात घुसलेल्या बकरीला हाकलत होते, असं तिच्या भावाने मला सांगितलं. तेवढाच भाग तिने तीनदा ऐकला. मी केबल ओढली असती तर नेमका तोच डिस्कवर आला नसता.

परतल्यावर ताईंना हे सगळं सांगायला लागलो. माझी चूक, त्यांची सबुरी, सगळं. त्यांनी मधेच अडवलं.

"ते ऱ्हाऊ दे. आवाज साफ व्हता का?"

"होता, ताई."

त्यांनी मान हलवली आणि पुढची फाइल उघडली.