सोनेरी कडांचं बायबल

दुरुस्तीला आलेलं बायबल नुसतं हातात घेतलं, तरी बाइंडरकाका मालकाची नाडी ओळखत. "स्तोत्रं तेवढी मळलीत, बाकी सगळं कोरं करकरीत," म्हणत मिशीत हसत. स्वतःच्या घरासाठी त्यांनी लग्नाच्या वर्षी एक बायबल बांधलं होतं, काळ्या चामड्याचं, कडांना सोनेरी मुलामा दिलेलं. मुलामा उडेल म्हणून ते कुणाला हात लावू देत नसत. काकूंनी बिचाऱ्यांनी उपासनेत कानावर पडेल तेवढंच ऐकलं.

काकूंचं दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, आता तरी ते मेंढपाळाचं स्तोत्र वाचा की."

काकांनी कपाटातून बायबल काढलं. मुलाम्याने पानं एकमेकांना चिकटून बसली होती. स्तोत्र कितवं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. नखाने एकेक पान सोडवत ते शोधत राहिले. सापडलं तोवर काकूंचा डोळा लागला होता, तो पुन्हा उघडला नाही.

तेव्हापासून दुकान उघडण्याआधी काका रोज एक अध्याय वाचतात. मुलामा केव्हाच उडाला, शिवण सुटली, पानं बाहेर डोकावू लागली. परवा सून म्हणाली, "बाबा, बाइंडरच्या घरात असं पुस्तक? लोक हसतील. घ्या ना शिवायला."

"घेतलं असतं गं," काका म्हणाले. "पण शिवून, सरस लावून वजनाखाली ठेवलं, तर उद्या सकाळी वाचू काय?"